ओढ्यावरचा कठडा आणि जाबाचा तास

३० जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. उशिरा लिहितोय म्हणून तू रागावून बसली असशीलच, पण आधी बातमी ऐक. सभागृहात सुधारणा झाली! एकोणीस वर्षं मी इथे घड्याळजी आहे. रोज सकाळी त्या माणसाएवढ्या उंच घड्याळाला किल्ली देतो, बोलणाऱ्यांची मिनिटं मोजतो, वेळ संपली की घंटा वाजवतो. आणि एकोणीस वर्षांत माझी ओली छत्री टांगायला जागा नव्हती. आता झाली.

त्याचं असं झालं. आमच्याकडे मंत्री फार बदलतात. शपथ घ्यायचा चौथरा माझ्या स्टुलाला लागूनच आहे. त्यावर जाणारा मंत्री, येणारा मंत्री आणि दोघांचे गुच्छवाले अशी झुंबड उडते. गेल्या आठवड्यात जाणाऱ्याने येणाऱ्याला मिठी मारली, तोल गेला आणि दोघे नोंदी लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलावर कोसळले. बाईंनी तेही नोंदवलं. मग वरून हुकूम सुटला की मंत्र्यांच्या जिवाला धोका आहे, चौथऱ्याला ताबडतोब कठडा हवा. परवा आला. लोखंडी, भक्कम, आणि बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर त्याला एक आकडा! त्याला छत्री टांगून ऐटीत बसलोय.

कठडाही मीच पावतीवर सही करून घेतला. इथली रीत तुला ठाऊक आहे ना? सभासद चहाला जातात, शिपाई सभासदांना शोधायला जातात, भांडारवाला कुठे जातो ते कुणालाच माहीत नाही. घड्याळापाशी मात्र माणूस हमखास असतो. म्हणून इमारतीत येणारी प्रत्येक वस्तू माझ्यापुढे येऊन पडते. दिवसाला चाळीस सह्या! डोळे लंबकावर, हात पावतीवर. एक अक्षर वाचत नाही, तरी सही कधी रेषेबाहेर गेली नाही.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, टपाल वाटताना जरा जपून, थंडी आहे.

तुझा,
ठोक्या


४ फेब्रुवारी

चि. ठोक्या,

तुझ्या छत्रीची सोय झाली, वाचून आनंद झाला. इकडे तुझे भाऊजी पुलावरून खाली पडले.

जिवंत आहेत, घाबरू नकोस. अठ्ठावीस तारखेला सकाळी धुकं होतं. नेहमीसारखे टपालाची पिशवी घेऊन ओढ्यावरच्या पुलावरून निघाले आणि गेले खाली. पाणी गुडघाभर, पण खाली दगड. लोक धावले तेव्हा पिशवी डोक्यावर धरून बसले होते. एक पत्र भिजू दिलं नाही, खुबा मात्र मोडून घेतला.

पडले का, तर पुलाला कठडाच नव्हता. आदल्या दिवशीपर्यंत होता. त्याच दिवशी पहाटे एक ट्रक आला, चार माणसं उतरली, पान्यांनी बोल्ट खोलले, कठडा उचलला आणि चालते झाले. दूधवालीने विचारलं, कुठे नेताय? म्हणाले, वरचा हुकूम आहे. बघ, तुमच्याकडे कठडा लागला आणि आमचा गेला. जगात कठडे मोजकेच असावेत, असं दिसतंय.

पण खरं दुखणं खुब्याचं नाही रे. नगरकचेरीचा कारकून आला, पुलावर उभा राहून पंचनामा केला, आणि कारण काय लिहिलं? ‘पादचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ चोर सोडून संन्याशाला फाशी! एकतीस वर्षं ज्या माणसाने कुणाचं पत्र दुसऱ्या दारात टाकलं नाही, तो निष्काळजी! कारकुनाने ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि आज आठवा दिवस, बोललेले नाहीत. जेवण ठेवलं तर जेवतात. बोलत नाहीत. माझं शिलाई मशीन त्याच खोलीत आहे. दिवसभर मी त्या पाठीशी बोलते.

मी कारकुनाकडे गेले. म्हणाला, कठडा कोणी काढला ते वरून लेखी आलं तर शब्द खोडतो, त्याशिवाय नाही. आता वर म्हणजे तूच ना? तुमच्याकडे दर गुरुवारी मंत्र्यांना जाब विचारायचा तास असतो, असं तूच फुशारकीने सांगायचास. सोबत प्रश्न पाठवतेय. एकच ओळ आहे: ‘आमच्या पुलाचा कठडा कोणी काढला?’ मला नुकसानभरपाई नको, पूलही नवा नको. उत्तर हवं.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताई,

पत्र पोचलं. भाऊजी आणि निष्काळजी! माझ्या लग्नात त्यांनी सगळ्या पाहुण्यांच्या चपला पत्त्याप्रमाणे लावल्या होत्या.

तुझा प्रश्न मी सोमवारीच नोंदवला. पूल आणि पायवाटा खात्याचे मंत्री, प्रश्न क्रमांक एक. मी म्हटलं, आता काय, गुरुवारी अकराला तास सुरू, अकरा दोनला उत्तर. पण अकराला पाच कमी असताना पुलांचे मंत्री बदलले.

आता नियम समजून घे. मंत्री बदलला की जाणाऱ्याचे आभार मानायचे, वीस मिनिटं. येणाऱ्याचं स्वागत, वीस मिनिटं. मग विरोधक उठतात, मंत्री का बदलला त्यावर चर्चा हवी म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तीही वीस मिनिटं. ही सगळी मिनिटं जाबाच्या तासातूनच कापतात, कारण मंत्री बदलणं हीदेखील सरकारची जबाबदारीच, असं पूर्वी कधीतरी ठरलंय. वीस, वीस आणि वीस. बाराला मी घंटा वाजवली. जाणारे मंत्री फार गहिवरले होते. ते नऊ दिवस मंत्री होते.

आणि ज्याला प्रश्न विचारला तोच मंत्री राहिला नाही, म्हणून प्रश्नही राहत नाही. तुला छापील चिठ्ठी येईल, ती बघून घाबरू नकोस. नव्या मंत्र्याच्या नावे नवी प्रत पाठव. ह्या गुरुवारी नक्की.

ठोक्या


२ मार्च

चि. ठोक्या,

तुझ्या सभागृहाची तिसरी चिठ्ठी आली. ‘संबंधित मंत्री पदावर राहिले नसल्याने आपला प्रश्न निकाली काढण्यात आला आहे.’ निकाली म्हणे! शेजारीण अभिनंदन करून गेली. तिला वाटलं, निकाल लागला.

तिसऱ्या गुरुवारी तिसरा मंत्री. आता मला सांग, हे योगायोगाने होतंय का? मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला राजकारण कळत नाही, पण गिऱ्हाईक आलं की दर वेळी दुकानदार बदलायला लागला तर त्याला काय म्हणतात तेवढं कळतं.

म्हणून एक सरळ सांगते. ते घड्याळ तुझ्या ताब्यात आहे. काच उघडायची किल्ली तुझ्या खिशात आहे. बाराला दोन मिनिटं असताना काच उघड आणि लंबक धर. दोन मिनिटं, फार नाही. तेवढ्यात प्रश्न वाचून होतो आणि उत्तरही होतं. कुणाला कळणार आहे? ह्यांच्यासाठी एवढं कर.

हे अजून भिंतीकडेच बघतात. काल मी रडले तेव्हा फक्त हात मागे करून माझ्या हातावर ठेवला.

ताई


९ मार्च

ती. ताई,

तू हे लिहू तरी कसं शकलीस? लंबक धर! उद्या म्हणशील सभापतींची खुर्ची ओढ!

एकोणीस वर्षांत मी एक सेकंद इकडचा तिकडे केलेला नाही. माझा स्वतःचा वाढदिवस होता तेव्हाही नाही. एकदा एका सभासदाला बोलता बोलता ठसका लागला, पाणी प्यायला मिनिट गेलं, ते मिनिटही मी त्याच्यातच मोजलं. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, सगळं सरकार खोटं असेल, घड्याळ खरं आहे. आणि मी घरच्या माणसासाठी ते धरून ठेवू? वेळ सरकारी आहे, ताई. तिला हात लावणं माझ्या रक्तात नाही.

रागावू नकोस. पाचवी प्रत पाठव. सध्याचे मंत्री तब्येतीने धडधाकट आहेत.

ठोक्या


१३ मार्च

ठोक्या,

कळलं. वेळ सरकारी. खुबा मात्र खाजगी.

पाचवी चिठ्ठी पोचली. धडधाकट मंत्री गेले.

ताई


२२ मे

ती. ताई,

दहा आठवडे तुझं पत्र नाही. प्रश्नाची प्रत दर सोमवारी येते, पाकीट तुझ्या हातचं असतं, आत एक ओळ आणि बाकी शुकशुकाट. मी पाकिटात दोनदा हात घालून बघतो.

मी सगळं करून बघितलं, खरं सांगतो. आपल्या भागाच्या सभासदांना गाठलं. ते म्हणाले, मी विचारलं असतं रे, पण एप्रिलमध्ये एक आठवडा मीच पुलांचा मंत्री होतो. मी म्हटलं, मग तुम्हाला माहीत असेल, कठडा कोणी काढला? म्हणाले, फाईल मागवली होती, ती आली तेव्हा मी गेलो होतो.

पुलांच्या मंत्र्यांच्या दारावरची पितळी पाटी काढून आता पाटी-खडू लावलाय. गुच्छवाल्याने चौथऱ्याजवळच दुकान थाटलंय. स्वागताचं भाषण तर मला झोपेत म्हणता येतं: ‘पुलांशी यांचं नातं जुनं आहे.’ गेल्या गुरुवारी एका नव्या मंत्र्याला हे ऐकून गहिवर आला, त्याला पोहताही येत नाही. विरोधकांनी मध्यंतरी मागणी केली की मंत्री इतके का बदलतात यावर सबंध तास चर्चा हवी. मिळाला. जाबाचाच तास दिला. त्या दिवशी आभार-स्वागताला वेळ उरला नाही म्हणून ते पुढच्या तासात घेतलं.

एकच बरं आहे. सत्तापक्षात सभासद अठ्ठावीस, आणि एका अधिवेशनात एकाच खात्याचं मंत्रिपद दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणजे कधीतरी संपतील. मी भिंतीवर रेघा मारतोय.

एक ओळ तरी लिही ग. भाऊजी बोलले का?

ठोक्या


२८ जून

चि. ठोक्या,

बोलले.

म्हणजे भिंतीशीच बोलले, पण मला ऐकू यावं एवढ्या जोरात. मी काजं करत होते. मध्येच म्हणाले, ‘आकडा होता.’ मशीन थांबवलं. ‘कसला आकडा?’ तर हळूहळू सगळं बाहेर आलं. पाच महिने पोटात ठेवलं होतं बिचाऱ्याने.

पुलाच्या मध्यावर ह्यांच्या बुटाची नाडी रोज सुटायची. अर्धी वाट झाली की पिशवी खांद्यावरून उतरवायची, नाडी बांधायची. पण टपाल जमिनीवर ठेवायचं नाही हा ह्यांचा नेम. म्हणून बावीस वर्षांपूर्वी लोहाराकडून एक आकडा करून आणला आणि स्वतःच्या हाताने कठड्याला ठोकला. शेवटच्या वळणाला जरा डावीकडे वाकलाय, कारण लोहार डावखुरा होता. रोज न बघता पिशवी टांगायची, वाकायचं, नाडी बांधायची. त्या दिवशी धुक्यात तसंच केलं. पिशवी टांगली, पण तिथे आकडा नव्हता, कठडाच नव्हता. पिशवी गेली आणि पिशवीला धरून हे गेले.

म्हणाले, ‘न बघता टांगली. म्हणजे कारकुनाने लिहिलंय ते खरंच आहे.’ हे मनाला लावून घेतलंय रे त्यांनी! मी म्हटलं, अहो, बावीस वर्षं जी वस्तू जागच्या जागी होती ती कोण बघत बसतं? सकाळी उठून जमीन आहे का बघून तुम्ही पाय खाली टाकता का? तर पुन्हा भिंतीकडे.

मी तुझ्यावर रागावलेली आहेच. पण हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

ताई


२३ जुलै

ठोक्या,

महिना होत आला. तुझं उत्तर नाही. दर आठवड्याची चिठ्ठी येते, तुझं अक्षर दिसत नाही. आजारी आहेस का? की तूही बदललास? मी आकड्याचं लिहिलं ते तुला फालतू वाटलं असेल तर तसं सांग. मोठ्या घड्याळाजवळ बसणाऱ्याला लहान गोष्टी दिसत नसतील.

ताई


३ ऑगस्ट

माननीय मंत्रिमहोदय,

आज पंचविसावी चिठ्ठी मिळाली. त्यात म्हटलंय की अठ्ठाविसावे मंत्री शनिवारी पायउतार झाले. सत्तापक्षात आता कुणी शिल्लक नाही. अशा वेळी ‘अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी हजर असलेल्या व्यक्तीस’ मंत्री नेमायची तरतूद आहे, आणि अशी व्यक्ती सबंध इमारतीत एकच निघाली. पूल आणि पायवाटा खात्याचे नवे मंत्री: सभागृहाचे घड्याळजी.

हे वाचून मी मशीनवर डोकं ठेवून हसले की रडले ते मलाच माहीत नाही. ह्यांना वाचून दाखवलं. पाठ जरा हलली.

सोबत प्रश्नाची सव्विसावी प्रत जोडली आहे. आपले पुलांशी नाते जुने आहे असे ऐकते. लहानपणी त्याच पुलावरून आपण मला ढकलले होते आणि आईला सांगितले होते की ताई स्वतःच पडली. तेव्हा उत्तर दिले नाहीत. ह्या वेळी तरी द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
पादचाऱ्याची बायको


७ ऑगस्ट

ताई,

सगळं सांगतो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझं आकड्याचं पत्र एक जुलैला आलं. पाऊस होता, मी ओली छत्री टांगली आणि स्टुलावर बसून वाचायला घेतलं. ‘जरा डावीकडे वाकलाय’ इथपर्यंत आलो आणि मान वर केली. माझी छत्री नेहमी तिरकी का लोंबते, याचा मी पाच महिने कधी विचार केला नव्हता. आकडा डावीकडे वाकलेला होता.

जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला. अठ्ठावीस जानेवारी. ‘कठडा, लोखंडी, हिरवा, अठरा फुटी, नग एक. काढल्याचे ठिकाण:’ आणि पुढे आपल्या पुलाचं नाव, स्वच्छ, ठळक अक्षरात. खाली लिहिलेलं, ‘सदर पूल वापरात नसल्यास स्वीकारावा, वापरात असल्यास परत पाठवावा.’ आणि त्याखाली माझी सही. रेषेच्या आत.

हुकूम देणारा मंत्री तिसऱ्याच दिवशी बदलला होता. त्याने भांडारात कठडा मागितला, भांडारात नव्हता, त्यांनी जिथून मिळेल तिथून आणा म्हणून सांगितलं, ट्रकवाल्यांनी आणला. प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. ‘परत पाठवा’ म्हणू शकणारा शेवटचा माणूस मी होतो, आणि मी लंबकाकडे बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ताई! सहा महिने तुझा प्रश्न मी त्याच कठड्याला कोपर टेकून नोंदवत होतो.

एक महिना मी तुला लिहिलं नाही, कारण भ्यालो. तुला भ्यालो, त्या भिंतीकडे केलेल्या पाठीला जास्त भ्यालो. वाटलं, मंत्री बदलतच राहतील, प्रश्न निकाली निघतच राहील, कुणाला कळणार नाही. पहिल्यांदाच मला त्या नियमाचं बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

शनिवारी सभापतींनी बोलावलं आणि मंत्री हो म्हणाले. मी नाहीच म्हणणार होतो. मग म्हटलं, पुन्हा कुणीतरी दुसरा उभा राहील आणि ‘फाईल मागवली आहे’ म्हणेल. हो म्हटलं.

काल गुरुवार. शपथ घेतली, एका हाताने कठडा धरून. आभार वीस मिनिटं, स्वागत वीस मिनिटं, ‘पुलांशी यांचं नातं जुनं आहे.’ मग विरोधकांनी घड्याळजी मंत्री होऊ शकतो का यावर वीस मिनिटं. मिनिटं मीच मोजत होतो, कारण किल्ली दुसऱ्या कुणाला देता येत नाही. बाराला एक सेकंद उरला तेव्हा मी काच उघडली आणि लंबक धरला.

ताई, तो लंबक गार होता. एकोणीस वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता. टिकटिक बंद पडल्यावर चहाला गेलेलेही परत आले. सभापती म्हणाले, ‘वेळ संपली का?’ मी म्हटलं, ‘नाही, अजून एक सेकंद आहे.’ एका हाताने लंबक धरून दुसऱ्या हाताने तुझी सव्विसावी प्रत वाचली. ‘आमच्या पुलाचा कठडा कोणी काढला?’

मग उत्तर दिलं. ‘हुकूम आपण सगळ्यांनी मिळून दिला. घेतला मी. पावतीवर सगळं लिहिलेलं होतं, ते न वाचता सही मी केली. ज्याने तो कठडा तिथे असेल असं धरून पिशवी टांगली, त्याची काहीही चूक नाही. तो माझा भाऊजी आहे, पण नसता तरी नसती.’ वेळ नाडीच्या ठोक्यांवर मोजली. दोन मिनिटांना चार सेकंद कमी. मग लंबक सोडला आणि घंटा वाजवली.

मंत्री म्हणून मला बारा वाजून चार मिनिटांनी काढलं. घड्याळावरूनही काढलं, वेळेत फेरफार केला म्हणून. आता मुख्य दारावर बसवलंय, आल्यागेल्याला किती वाजले ते सांगायला. पण घरी जायच्या आधी मी पाना आणला आणि कठड्याचे बोल्ट खोलले. कुणी अडवलं नाही, सगळ्यांना वाटलं वरचा हुकूम आहे. ट्रकवाला तोच निघाला. परत नेतो म्हणाला, मलाही वाईट वाटतच होतं.

नोंदी लिहिणाऱ्या बाईंनी माझं उत्तर शब्दन् शब्द उतरवलंय. शिक्क्याची प्रत कारकुनासाठी सोबत जोडली आहे.

भाऊजींना काय सांगू? तूच सांग. भिंतीकडे तोंड करून त्यांनी ऐकलं तरी चालेल.

ठोक्या


१३ ऑगस्ट

ठोक्या,

तुझं पत्र वाचून मी आधी कात्री फेकली. मग कुणाच्या तरी पँटचा एक पाय वीतभर आखूड कापला. दोन दिवस तुझ्या नावाने घर डोक्यावर घेतलं. पाच महिने त्याला छत्री टांगत होतास, मेल्या! पाच महिने! आणि एक महिना माहीत असून गप्प! तो महिना मी तुला माफ केलेला नाही, सावकाश करीन.

कारकुनाकडे गेले. त्याने तुझं उत्तर तीनदा वाचलं, शिक्का उन्हात धरून बघितला, मग पंचनामा काढून ‘पादचाऱ्याचा’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘सही करणाऱ्याचा’. ‘निष्काळजीपणा’ तसाच ठेवला. म्हणाला, शब्द चांगला आहे, माणूस चुकला होता.

ती प्रत आणून ह्यांच्या पाठीमागे उभी राहून वाचली. तुझं पत्रही वाचलं, लंबक गार होता तिथपर्यंत आवाज नीट होता, पुढे माझाच फुटला. मी थांबले तर हे म्हणाले, ‘पुढे वाच.’ पुढे वाचलं. ‘तो माझा भाऊजी आहे, पण नसता तरी नसती.’ आणि मग हे वळले रे! सहा महिन्यांनी त्या कुशीवरून ह्या कुशीवर. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू. म्हणाले, ‘म्हणजे खुबा घरच्याच माणसाने मोडला. मला वाटलं, कुणा परक्याने.’

मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. तुमच्या सभागृहाच्या बातम्या वाचून दाखवते. परवा चौथऱ्यावरून नवा मंत्री पडला म्हणे, कठडा नव्हता म्हणून. हे लगेच म्हणाले, ‘पंचनाम्यात काय लिहिलं?’

ताई


२१ ऑगस्ट

घड्याळजी यांस,

कठडा पोचला. लोखंडी, हिरवा, अठरा फुटी, नग एक. बोल्ट मी स्वतः उभा राहून आवळून घेतले. आकडा जागच्या जागी आहे.

आकड्याला एक काळी छत्री टांगलेली आली. तिची पावतीत नोंद नाही, म्हणून ती मी घेतलेली नाही. पुलावरच आहे. ज्याची असेल तो सात वर्षं इकडे फिरकलेला नाही, त्याने आता तरी स्वतः येऊन न्यावी.

सही वाचून केली आहे.

भाऊजी